बेचाळीस कवळ्या आणि एक निरोप

ती. ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हातांना प्लास्टर लागलेलं आहे, तेव्हा पाकिटावरचा पांढरा डाग पाहून घाबरू नकोस, ती कसलीही पावडर नव्हे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला, की त्यांनी तो नेहमीप्रमाणे पुढच्या वर्षासाठी जपून ठेवलाय? इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. ही तुला नमस्कार सांगते. तिची पाठ धरते, मला जवळचं दिसेनासं झालंय आणि दुकानातलं घासायचं मशीन आमच्या दोघांपेक्षा जास्त कुरकुरतं. एवढं सोडलं तर तक्रार करण्यासारखं काही नाही, आणि केली तरी ऐकायला कुणी नाही.

आता हे पत्र माझंच आहे हे आधी सिद्ध करतो. चौतीस वर्षं बँकेच्या खिडकीत बसून तू सगळ्या घरादाराला बजावलंस, की ओळख पटल्याशिवाय कुणाचं काही ऐकायचं नाही. अक्षर काय, कुणीही कुणाचं काढतो. तर ओळखीसाठी जगात फक्त मला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगतो. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर शाई मांजराने सांडली नव्हती. मांजराला त्या दिवशी फुकट मार बसला. पटली ओळख? मग पुढे वाच. (नाही पटली तरी वाच. या पत्रात कुठेही काही दाबायचं नाही.)

लिहायचं कारण तुला ठाऊक आहे. आईला जाऊन पाच महिने झाले आणि तेवढेच महिने तू माझ्याशी बोललेली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शिंप्याच्या फोनवरून हिने तुला सांगितलं, तेव्हा तू निघालीस, आणि पोचलीस तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारात उभी राहून, चपला पायांत तशाच ठेवून, तू विचारलंस, "मला कळवायला तुला अर्धा दिवससुद्धा मिळाला नाही?" मी गप्प राहिलो आणि तेव्हापासून तू गप्प आहेस. मी फोन करतो, तो तू उचलत नाहीस. उचलावा असं तुझ्या मनात आलं तरी तुझ्या फोनवर माझ्या नावाच्या जागी 'संशयित क्रमांक' अशी तांबडी पाटी येत असणार, आणि तसली पाटी आलेला फोन उचलण्यापेक्षा तू विस्तवात हात घालशील. तर मला आज तुला एवढंच पटवायचं आहे, की मी कळवलं होतं. बुधवारी कळवलं होतं. निरोप माझ्या फोनातून निघाला आणि वाटेत नियमात अडकला. कसा अडकला ते सविस्तर सांगितल्याशिवाय तुला पटणार नाही, म्हणून थोडं पाल्हाळ लागेल. सोसून घे.

आमच्या दुकानाची रीत तुला माहीत आहे. भाऊजी पत्र वाचणारच, तेव्हा त्यांच्यासाठी लिहितो. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी त्यावरून कवळी करतो, आणि झाली की गिऱ्हाइकाला कळवतो, या. पण कळवायचं ते लिहून. फोन करायचा नाही. कारण कवळीची वाट बघणाऱ्याच्या तोंडात दात नसतात, आणि दात नसलेल्या माणसाचं फोनवरचं बोलणं समजून घेणं हे येरागबाळ्याचं काम नाही. सुरुवातीला मी करत असे फोन. एक गृहस्थ मला दहा मिनिटं काहीतरी कळवळून सांगत होते आणि मी आपला बरं बरं म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी कळलं, की ते जिन्यावरून पडले होते आणि मदत मागत होते. मी त्यांना 'घाई नाही, सावकाश या' असं सांगून फोन ठेवला होता. तेव्हापासून ठरवलं, या दुकानातून बोलणं होणार नाही, निरोप जाईल. घरचा आणि दुकानाचा मिळून हा एकच फोन, एकच क्रमांक, अठरा वर्षं. हाताला सवय इतकी जडली, की कुणाला काही अवघड सांगायचं असलं की माझी बोटंच आधी हलतात, तोंड मागाहून.

त्यात हा नियम आला. फसवणुकीला आळा बसावा म्हणून ज्या ज्या धंद्याच्या क्रमांकावरून लोकांना निरोप जातात, त्या प्रत्येकाने तो क्रमांक टेलिफोन खात्याच्या कार्यालयात नोंदवायचा. आपण कोण, काय करतो, कुणाला काय लिहितो हे दाखवायचं. आणि ज्यांना लिहितो त्यांची संमती आणायची. ठरल्या तारखेपर्यंत नोंद झाली नाही, तर त्या क्रमांकावरचे निरोप वाटेतच थांबवायचे. नियमात वावगं काही नाही. पण त्याची सूचना मला कशी यावी? फोनवर, निरोपानेच. 'आपला क्रमांक बंद होणार आहे. ताबडतोब खाली दाबा आणि माहिती भरा.' आता तूच सांग. तुझ्या हाताने लिहिलेला कागद आमच्या फ्रिजवर अजून चिकटलेला आहे. घाई करणारा, भीती घालणारा, दाबायला सांगणारा निरोप आला तर विचार न करता पुसून टाका. मी पुसला. दुसरा आला, तोही पुसला. तिसऱ्यावर कार्यालयाचं चिन्ह होतं, तेव्हा तर माझी खात्रीच पटली की भामटे आता चित्रंही काढायला लागले. मी तुला फोन करून हे मोठ्या फुशारकीने सांगितलं होतं आणि तू 'शाब्बास' म्हणाली होतीस. (हे तुझ्यावर ढकलत नाही. थोडं ढकलतो आहे.)

तारीख उलटली आणि माझे निरोप थांबायला लागले. ते थांबले हे कळायची काही सोय नव्हती, कारण माझ्या फोनवर प्रत्येकापुढे 'पाठवला' असंच दिसायचं. इकडे फळीवर कवळ्यांच्या डब्या साठत चालल्या. हिला वाटलं, लोकांनी आता दातांवाचून निभावून न्यायचं ठरवलं. सहा आठवडे मी रोज सकाळी त्या डब्या पुसून ठेवायचो आणि लोकांच्या नावाने बोटं मोडायचो. मग एके दिवशी मास्तरांचा मुलगा आला. मास्तर म्हणजे एक निवृत्त शिक्षक, माप नीट जुळतंय ना ते बघायला तीनदा दुकानात आले होते. त्यांना नातीला गोष्टी वाचून दाखवायच्या होत्या. दातांशिवाय वाचलं की ती हसत सुटायची आणि गोष्ट राहून जायची, एवढीच त्यांची अडचण. मुलाने विचारलं, बाबांचे दात झाले का. मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, एकोणीस दिवस झाले होऊन, कळवलं होतं, न्यायला कुणी फिरकलं नाही. तो म्हणाला, बाबा आज सकाळी गेले, तोंड आत ओढलं गेलंय ते बघवत नाही, येऊन बसवून द्याल का. मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच माझी कवळी पहिल्या खेपेला विनातक्रार बसली. (हे विनोदाने लिहिलेलं नाही. लिहिल्यावर तसं दिसतंय, पण आता खोडत नाही.) मला सोडायला तो जिन्यातून खाली आला आणि म्हणाला, "तुम्ही फोन का नाही केलात?" मी म्हटलं, आमची तशी रीत नाही. त्याने मान हलवली आणि रस्ता ओलांडेपर्यंत माझी पेटी तोच धरून चालला.

दुसऱ्या दिवशी कार्यालय गाठलं. तिथे एका खिडकीत जाड चष्म्याच्या एक बाई बसतात. त्यांनी हातात अर्ज ठेवला आणि माझ्या हालांना सुरुवात झाली. धंद्यांच्या यादीत शेती होती, शिक्षण होतं, कपडे होते, औषधं होती, जनावरांचं खाद्यसुद्धा होतं, पण दात नव्हते. मी 'इतर'पुढे खूण केली. बाई म्हणाल्या, सगळे भामटे 'इतर'च लिहितात, आता तुमची दुप्पट तपासणी होणार. मग निरोपाचा नमुना मागितला. मी वर्षानुवर्षं लिहीत आलो तोच लिहून दिला. 'तुमचे दात आमच्याकडे आहेत. आठ दिवसांत येऊन घेऊन जा, नंतर आम्ही जबाबदार नाही.' तो धमकी म्हणून परत आला. मी तो मवाळ केला. 'आपली वस्तू तयार आहे, सवडीने या.' तो संदिग्ध म्हणून परत आला. वस्तू म्हणजे काय, हे भामटा कधीच सांगत नाही म्हणे. तिसऱ्या खेपेला मी खरं काय ते सगळं लिहिलं, वरचे चौदा, खालचे चौदा, रंग फिकट पिवळसर, तर गिऱ्हाइकाच्या शरीराची खासगी माहिती उघड केली म्हणून परत. चौथा नमुना हिने लिहिला. 'नमस्कार, कवळी झाली आहे.' तो मंजूर झाला. यात तीन आठवडे गेले आणि माझे उरलेसुरले केस.

पुढची पायरी ऐक. क्रमांक खरोखर माझ्याच हातात आहे हे ठरवण्यासाठी कार्यालयाचं यंत्र फोन करतं, सहा आकडे एकदाच बोलतं आणि सांगतं, की हे आकडे तपासणी संपेपर्यंत जपून ठेवा आणि कुणालाही सांगू नका. फोन नेमका कधी यावा? मी एका वकिलांच्या वरच्या जबड्याचा साचा ओतला होता, दोन्ही हात मनगटापर्यंत प्लास्टरने भरलेले, ही भाजी आणायला गेलेली. कोपराने फोन दाबला. यंत्र बोलायला लागलं. कागद नाही, पेन नाही, समोर फक्त ओलं प्लास्टर. मी खिळा उचलला आणि सहाही आकडे साच्याच्या टाळूवर कोरले. मोठ्या समाधानाने साचा वाळत ठेवला, आणि चार दिवसांनी सगळं विसरून त्याच साच्यावर वकिलांची कवळी केली आणि साचा फोडून टाकला. कवळी वकिलांना दिली. आठवड्याने ते तक्रार घेऊन आले की टाळूला काहीतरी टोचतंय. तुम्हाला सवय नाही, होईल, असं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. मी सगळ्यांना तेच सांगतो.

दीड महिन्याने खिडकीतल्या बाईंनी आकडे मागितले तेव्हा वकिलांच्या टाळूला काय टोचत होतं ते मला कळलं. गोपनीय आकडे जपून ठेवल्याचं खरं होतं. ते इतके जपून ठेवलेले होते, की ज्यांच्या तोंडात होते त्यांनाही ठाऊक नव्हते. मी वकिलांच्या घरी जाऊन पायांवर डोकं ठेवायचंच काय ते बाकी ठेवलं. ते आले, मोठ्या मनाचा माणूस. रांगेतल्या लोकांसमोर त्यांनी कवळी काढली, रुमालाने पुसली आणि खिडकीत ठेवली. आकडे उलटे उमटले होते. बाईंनी पर्समधून छोटा आरसा काढला, त्यात बघून सहाही आकडे वाचले आणि रजिस्टरमध्ये लिहिले. वकील त्यांना काहीतरी तळमळून सांगत होते, पण कवळी बाईंपाशी असल्याने कुणाला एक अक्षर कळलं नाही. नंतर मी ती टाळूच्या बाजूने घासून गुळगुळीत करून दिली. ते आता मला रस्त्यात ओळख देत नाहीत.

आता तुझ्याशी संबंध येतो. आकडे जुळल्यावर बाईंनी माझ्या क्रमांकावरून वाटेत थांबलेल्या निरोपांची यादी काढली. त्रेचाळीस होते. बेचाळीस कवळ्यांचे आणि एक तुझा. कवळ्यांचे त्यांनी भराभर उलटले आणि तुझ्यापाशी थांबल्या. 'आईची तब्येत बरी नाही. ताबडतोब ये.' त्यांनी काचेवर चिकटवलेला फसव्या निरोपांच्या खुणांचा तक्ता दाखवला. जवळचं माणूस आजारी असणं, घाई करणं, लिहिणाऱ्याचं नाव नसणं. सगळ्या खुणा माझ्या दोन वाक्यांत होत्या. त्या म्हणाल्या, हा तर तुमचा क्रमांक नोंदलेला असता तरी थांबला असता. मग त्यांनी नियम समजावला. थांबलेल्या प्रत्येक निरोपासाठी कार्यालय त्या त्या माणसाला विचारणार, हा क्रमांक तुमच्या ओळखीचा आहे काय. त्याने 'हो' कळवलं, की निरोप सुटणार. पंधरा दिवसांत 'हो' आलं नाही, तर निरोप कायमचा पुसला जाणार आणि त्याबरोबर माझा क्रमांकही रद्द होणार. त्रेचाळीसपैकी बेचाळीस 'हो' आलेत. मास्तरांचं त्यांच्या मुलाने पाठवलं. राहिलंय ते फक्त तुझं. सहा दिवस उरलेत.

तर ताई, तुझ्या फोनवर कार्यालयाचा प्रश्न आलेला असेल आणि तू तो तुझ्या शिस्तीप्रमाणे दुर्लक्षून ठेवला असशील. तो खरा आहे. त्याला 'हो' म्हण. अठरा वर्षांचा क्रमांक आहे. दुकानाच्या पाटीवर तोच, डॉक्टरांच्या कागदांवर तोच, आणि म्हाताऱ्या माणसांना नवा क्रमांक पाठ होत नाही. पण खरं सांगायचं तर क्रमांकाचं मला एवढं नाही. मी कळवलं होतं, हे तुला तुझ्या डोळ्यांनी दिसावं, एवढीच इच्छा आहे. त्या दिवशी तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा मला वाटलं की तुला कळलंय आणि तुला यायचं नाही, म्हणून आम्ही तुझ्यासाठी थांबलो नाही. मनात तुझा राग धरूनच मी आईला पोचवून आलो. तू दारात विचारलंस तेव्हा मी त्याच रागात गप्प राहिलो. आणि तुला हेही सांगायचं होतं, की शेवटचे दोन दिवस आईला शुद्ध नव्हती. कुणाची वाट बघण्याच्या अवस्थेत ती नव्हतीच. तेव्हा ती टोचणी तू लावून घेऊ नकोस. मला तुझी फार आठवण येते. हे फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. 'हो' पाठवल्यावर निरोप येईल, तो उघडून वाचत बसायची गरज नाही. मजकूर मी वर लिहिलाच आहे. बाई म्हणाल्या, की निरोप मूळ तारीख-वेळेसह सुटतो, त्यात कुणाला फेरफार करता येत नाही. पण असल्या यंत्रांतली घड्याळं पुढे-मागे असतात, त्या आकड्यांवर जाऊ नये.

आणखी एक. पुन्हा विचार केला, तू 'हो' पाठवूच नकोस. तुझा गुडघा, तुझं वय, त्यात या कटकटी कशाला. सहा दिवस जाऊ दे, निरोप आपोआप पुसला जाईल. मी नवा क्रमांक घेतो. पाटी रंगवून घ्यावी लागेल, तेवढंच. मी कळवलं होतं यावर माझ्या शब्दाखातर विश्वास ठेव आणि एक फोन कर.

शेवटचं. पत्र पाकिटात घालण्याआधी हिला वाचायला दिलं. तिने सगळं वाचलं आणि म्हणाली, "वेळ लिहा." मी म्हटलं, कसली वेळ. ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे. ती लिहिल्याशिवाय मी हे टपालात टाकू देणार नाही." ती समोर बसून आहे, म्हणून लिहितो. आई बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी गेली. निरोप चार वाजून पाच मिनिटांचा आहे. आई सोमवारी आजारी पडली तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. पण तिच्या पायांची सूज डॉक्टरला दाखव असं तू महिनाभर आधी बजावलं होतंस आणि मी दाखवली नव्हती. फोन केला असता तर आधी तेच ऐकावं लागलं असतं. म्हणून सोमवारचं मंगळवारवर ढकललं आणि मंगळवारचं बुधवारवर. मग ती गेल्यावर, दवाखान्याच्या जिन्यात बसून, ती जिवंत असल्यासारखा निरोप लिहिला, म्हणजे मी आधी कळवलं होतं असं दिसावं. तुझं उत्तर आलं नाही तेव्हा मला राग आला नव्हता. बरं वाटलं होतं. नियमाने माझं काही अडवलं नाही, उलट पाच महिने मला लपायला जागा दिली. आता 'हो' पाठव, नाहीतर पाठवू नकोस, तुला वाटेल तसं कर. आईला शुद्ध नव्हती असं वर लिहिलंय, तेही खोटं आहे. मंगळवारी तिने दोनदा विचारलं, ताई निघाली का. मी दोन्ही वेळा हो म्हटलं.